चांदबीबीच्या डोंगरावर स्थळ पाहायला

आमच्या संगमनेरकडची माणसं नगरला जातात ती कामाला. बदलीचा अर्ज, कोर्टाची तारीख, मोठ्या दवाखान्यात ठेवलेलं माणूस, नाहीतर पेन्शनचं अडलेलं घोडं. सकाळची एसटी धरायची, दुपारी कुठेतरी मिसळ खायची आणि 'साहेब जागेवर नव्हते' म्हणत संध्याकाळी घरी यायचं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. प्रशिक्षणं, बैठका, यंव न् त्यंव, नगरच्या किती खेपा झाल्या असतील कुणास ठाऊक. प्रत्येक खेपेला शहराच्या पूर्वेला डोंगराच्या माथ्यावर तो दगडी महाल लांबून दिसायचा. एकदा वर जायचं, असं मी दर वेळी मनाशी म्हणायची आणि साहेबाच्या दाराशी बाकावर जाऊन बसायची.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी महाल राहिलाच होता. शेवटी यंदा मला तिथे नेलं ते माझ्या भावाने. नेलं म्हणजे हौसेने नव्हे. साक्षीदार म्हणून नेलं, तेही खोट्या साक्षीला. तरी मी गेले, कारण मला महाल पाहायचा होता. आता परत येऊन हे लिहिताना त्या खोट्याचेसुद्धा आभार मानावेत असं वाटतंय, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

देवळाली प्रवरा

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, देवळाली प्रवऱ्याला असतो. घरचा ऊस आहे, थोडी डाळिंबं आहेत, गोठ्यात गायी आहेत. त्याचा एकुलता एक मुलगा प्रशांत. पदवी घेतली आणि नोकरीच्या मागे न लागता शेतात उतरला. कष्टाळू, निर्व्यसनी, बोलायला जरा कमी. पस्तिशीला टेकला तरी लग्न जमत नव्हतं. पाहुणे यायचे, घर बघायचे, विहिरीत डोकावायचे, चहा प्यायचे, आणि आठवड्याने निरोप यायचा, "मुलगा चांगला आहे, पण शेती करतो." या 'पण'ने दादाच्या घराची झोप उडवली होती. वहिनीने उपास धरले होते. आणि ज्या दादाने उभ्या आयुष्यात कुणापुढे मान तुकवली नाही, तो लग्न जमवणाऱ्या एका मध्यस्थाच्या पुढे-पुढे करत होता.

पौष सरला तसं त्या मध्यस्थाने नगरचं एक स्थळ आणलं. मुलीचं नाव रोहिणी, नागापूरच्या एमआयडीसीत नोकरी, वडील वारलेले, आई आणि ती. आईचं माहेर बागायतदार, असं मध्यस्थ म्हणाला. आईची अट एकच, जावई पगारदार पाहिजे. त्यावर मध्यस्थानेच तोडगा काढला. प्रशांत संगमनेरला एका डेअरीत सुपरवायझर आहे, आत्याकडे राहतो आणि शेती नुसती बघतो, असं त्याने परस्पर सांगून टाकलं. ती आत्या म्हणजे मी.

"सुमे, तू मास्तरीन हायेस," दादा मला फोनवर म्हणाला. "तुझ्या शब्दाला वजन हाय. तू काई बोलू नको. फकस्त मान हलवायची."

"अरे, पण लग्नानंतर कळेलच की."

"एकदा अक्षता पडल्या की लागंल ती रुळायला. तू ये."

मुलीचीही एक अट होती, आणि तिने दादा चक्रावून गेला होता. मुलगी घरी दाखवणार नाहीत. रविवारी सकाळी चांदबीबीच्या महालावर भेटायचं. "महालावर?" दादा म्हणाला, "तिथं काय सतरंजी हातरून ठेवलीया? आन पोहे कोन देनार?" पण गरज आपली होती. मी शनिवारीच लोणी-कोल्हारवरून देवळालीला गेले.

रात्री जेवताना दादाने प्रशांतला डेअरीचा सगळा धडा समजावून सांगितला. कुठला विभाग, पगार किती, सुट्टी कधी. प्रशांत खाली मान घालून जेवत राहिला. त्याचं गप्प बसणं म्हणजे होकार, असं दादा समजला. मी मात्र त्याला पाळण्यात असल्यापासून ओळखते. तो रागावला की अशीच भाकरी अगदी बारीक चुरतो.

नगरचा रस्ता

घरची गाडी म्हणजे दुधाचे कॅन वाहणारी पिकअप. ती घेऊन जायला दादाची तयारी नव्हती. डेअरीचा सुपरवायझर दुधाच्या गाडीतून गेला तर उलट शोभलं असतं, असं मी म्हणून पाहिलं, पण त्या दिवशी दादाला थट्टा कळत नव्हती. शेजाऱ्याची कार मागून आणली. प्रशांत चालवायला, दादा त्याच्या शेजारी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आणि टोपीत, मागे वहिनी, मी आणि आमच्या दोघींच्या मध्ये फडक्यात बांधलेला भाकरीचा डबा. परक्या गावी उपाशी मरू नये म्हणून वहिनी शेजारच्या गल्लीत जातानाही डबा घेते. मध्यस्थ येणार होता, पण ऐनवेळी त्याला दुसऱ्या स्थळाचं बोलावणं आलं.

रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. मोठमोठ्याने गाणी लावून दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले, मागून कुणी हॉर्न वाजवून मेलं तरी त्यांना पत्ता नाही. राहुरी ओलांडल्यावर दादाला मिसळ हवी झाली. मी नको म्हटलं, वहिनीने डबा पुढे केला, पण मुलाकडचा बाप म्हणजे त्या दिवशी राजाच. पहिल्याच घासाला पावावरून तर्रीचा लाल ओघळ थेट छातीवर आला. वहिनीने हॉटेलच्या नळावर साबणाने ते इतकं घासलं की डाग गेला नाही आणि अर्धा शर्ट मात्र ओला झाला. "आता सुकंस्तवर उभाच ऱ्हा उन्हात," ती म्हणाली. दादा खरोखरच उभा राहिला. प्रशांतच्या तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू दिसलं.

विळद घाट आला की आमचा मुलूख संपतो. तोवर डोळ्यांना हिरव्याची सवय असते. ऊस, गुरांचा घास, पाटाचं पाणी, पाटाच्या कडेला बाभळी. घाटानंतर जमीन एकदम उघडी पडते. नागापूरच्या कारखान्यांच्या शेड आल्या, कंपन्यांच्या बस आल्या, शहर आलं आणि गेलं, भिंगार गेलं, लष्कराच्या भिंती गेल्या. मग पाथर्डीच्या रस्त्याला लागलो तशी दोन्हीकडे ज्वारी सुरू झाली. आमच्याकडे ज्वारी लोक दुकानातून आणतात, इथे ती माणसाच्या खांद्याइतकी उभी होती, आणि तिच्यामध्ये माती दिसेल इतकी विरळही. एकाच जिल्ह्यात राहून आम्ही या लोकांना 'दुष्काळी भागातले' एवढ्या एका शब्दात गुंडाळून टाकतो. दरवर्षी आमचा ऊस तोडायला याच बाजूच्या टोळ्या येतात, तेवढीच काय ती ओळख.

डोंगरावर

गाडी घाटवाटेने जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. पुढे थोडं चाललं की समोर एकदम महाल. लांबून तो मला नेहमी डब्याएवढा वाटायचा, जवळ गेल्यावर मान मागे टाकावी लागली. आठ बाजू, प्रत्येक बाजूला कमान, एकावर एक मजले, आणि सगळं काळ्याभोर दगडाचं. नक्षी जवळजवळ नाहीच. खरं तर हा महाल नव्हे, कबर आहे. निजामशाहीतल्या एका वजिराने ती बांधून घेतली असं सांगतात. पण नगरच्या लोकांनी ती चांदबीबीला देऊन टाकली. आपल्या किल्ल्यासाठी लढलेल्या बाईला राहायला एखादी उंच जागा असावी असं त्यांना वाटलं असेल. मला हे फार आवडलं. वजिरानेही एव्हाना मनावर घेणं सोडलं असावं.

वाऱ्याला तिथे तोटा नाही. एका कमानीतून आत येतो, समोरच्या कमानीतून जातो, जाता जाता पदर ओढतो. दादाने टोपी हाताने धरून ठेवली आणि पाहुण्यांचा शोध सुरू केला.

इथे आमच्या घराण्याची अक्कल कामी आली. मुलगी पाहायला जायचं म्हणजे काय शोधायचं, हे आम्हाला पक्कं ठाऊक. दोन टोपीवाले, एक चष्मेवाला मामा, एखादी पदर घेतलेली बाई आणि मध्ये साडीत खाली मान घातलेली मुलगी. दादाने चौथऱ्यावर एक नजर टाकली, त्याला लगेच असा घोळका सापडला. मुलगी नऊवारीत, नाकात नथ, बाजूला तीन-चार पुरुष. "हीच ती," म्हणत तो हात जोडून पुढे गेला. "राम राम पाव्हणं, लई वाट बघाय लावली का?"

"काका, फ्रेममधून बाजूला व्हा ना," एक जण कॅमेऱ्यामागून म्हणाला. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेलं जोडपं होतं ते. नवरामुलगा थोडा पलीकडे आरशात केस नीट करत होता. दादा असा काही परतला की जणू महालाचे दगड तपासायलाच गेला होता.

मग आम्ही वाट पाहत बसलो. मध्यस्थाने दिलेला मुलीच्या आईचा नंबर लागेना. चौथऱ्यावर एक-दोन कुटुंबं आली, गेली. पलीकडच्या कमानीत एक मुलगी एकटीच पाय सोडून बसली होती. ट्रॅकसूट, बूट, डोळे सोडून सगळा चेहरा स्टोलमध्ये गुंडाळलेला, स्कूटीवरच्या मुली गुंडाळतात तसा. आमचं तिच्याकडे लक्ष गेलं ते वहिनीला फोटोची हौस आली तेव्हा.

"ए बाळा, आमचा एक फोटू काढतीस का?"

मुलगी उठून आली. तिने फोन घेतला, आम्हाला नीट उभं केलं. "काका, थोडं हसा की."

"हसाया काय झालंय?" दादा म्हणाला. तिने तसाच फोटो काढला आणि परत आपल्या कमानीत जाऊन बसली.

डबा उघडला. बाजरीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, संक्रांतीच्या राहिलेल्या गूळपोळ्या. वहिनीने त्या मुलीलाही हाक मारून हातावर गूळपोळी ठेवली. तिने स्टोल जरासा खाली ओढून, आमच्याकडे पाठ करून खाल्ली. "लाजरी हाय," वहिनी म्हणाली.

वेळ जात होता तसा दादाचा धीर सुटत चालला. मी उठून कठड्याशी गेले. खाली नगर पसरलं होतं. किल्ल्याची झाडीने भरलेली गोल आकृती, लष्कराच्या सरळ रांगा, दूर नागापूरच्या शेडची चमचम. आयुष्यभर ज्या कचेऱ्यांच्या बाकांवर मी बसले, त्यातली एकही तिथून ओळखू येत नव्हती. मला फार बरं वाटलं. मागे बापलेकांचा आवाज चढला तेव्हा मी वळले.

"पुन्यांदा सांगतो," दादा म्हणत होता, "इचारलं तर म्हनायचं, दूध संकलन बघतो. येवढंच."

"मी न्हाई म्हणणार."

"काय?"

"न्हाई म्हणणार, दादा." प्रशांतही बापाला दादाच म्हणतो. आवाज मोठा नव्हता, पण वाऱ्यातही स्पष्ट ऐकू आला. "लग्न झाल्यावर ती पहाटे उठंल, मी गोठ्यात असंन. काय सांगायचं तिला? आन गायी कुठं लपवायच्या, आत्याच्या संगमनेरला? मी शेती करतो. मला ती आवडती. ह्या एका गोष्टीची लाज वाटल्यासारखं करून मी बायको आणली, तर ती जलमभर मला त्याच नजरेनं बघंल. तसं नको. न्हाई जमलं तर न्हाई जमलं."

"म्हंजे बिनलग्नाचाच ऱ्हातो का? तुझी आई उपास करून करून काडी झाली." दादाने बाहीने डोळे पुसले. त्याला रागावताना मी पुष्कळदा पाहिलंय, असं कधी नाही पाहिलं. "माझ्यामागं तुला कोन रं?"

प्रशांतने बापाच्या खांद्याला हात लावला, दादाने तो झटकला. मग टोपी नीट केली आणि म्हणाला, "चला. येत न्हाईत ते. त्यांनाबी कुनीतरी खरं सांगितलं असनार. उचला डबा."

वहिनीने डबा बांधला. आम्ही चौथऱ्याच्या पायऱ्यांपर्यंत आलो, तेवढ्यात मागून हाक आली.

"काका, थांबा."

कमानीतली मुलगी उठली होती. तिने चेहऱ्यावरचा स्टोल सोडला. मध्यस्थाने पाठवलेल्या फोटोत ती स्टुडिओत, साडीत, ओठ रंगवून उभी होती. इथे नुसतीच ती होती. "तुम्ही वाट बघताय ती मीच. रोहिणी."

वहिनीने आधी स्वतःचा पदर नीट केला. दादा म्हणाला, "तुमच्यासंगं कोन न्हाई?" मघाची 'बाळा' आता 'तुम्ही' झाली होती.

"आई खाली मामाच्या वावरात आहे. तिचे गुडघे दुखतात. दर रविवारी आम्ही तिथे असतो, मी तेवढ्यात वर येऊन जाते."

"अगं, मग आमी आल्या आल्या का न्हाई सांगितलं?" वहिनी म्हणाली.

"यांचा," तिने प्रशांतकडे पाहिलं, "फोटो होता माझ्याकडे, चौथऱ्यावर येताच ओळखलं मी. पण घरी पाहुणे येतात ते ठरवूनच बोलतात, आणि आम्हीही तसंच बोलतो. किती वेळा झालं ते. म्हटलं, एकदा नुसतं बसून बघावं." मग ती दादाकडे वळली. "काका, मला डेअरीतला सुपरवायझर सांगितला होता."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मान हलवायची वेळ हीच होती. मी दादाची धाकटी बहीण, त्याचा शब्द मी फारसा मोडलेला नाही. पण त्या मुलीच्या समोर, तिच्या ओठाला अजून आमचीच गूळपोळी लागलेली असताना, माझी मान काही हलेना.

"डेअरी खोटी आहे बाई," मी म्हटलं. "गायी खऱ्या आहेत."

ती हसली. मोकळं, मोठ्याने.

ती प्रशांतला वरच्या मजल्यावर घेऊन गेली. भिंतीच्या आतून अंधारा, अरुंद जिना आहे, त्यातून दोघं दिसेनासे झाले. आम्ही तिघं तेवढ्यात तळघरातल्या कबरी पाहून आलो. वाकून आत जावं लागतं, आत गारवा असतो. वहिनीने तिथेही हात जोडले. कुणाचं का असेना, मोठ्या माणसाचं ठिकाण, असं तिचं म्हणणं. वर ती दोघं काय बोलली हे प्रशांतने येताना गाडीत थोडंफार सांगितलं. रोहिणीला नागापूरची नोकरी सोडायची नव्हती. हा म्हणाला, रोज सोडायला येईन. ती म्हणाली, 'रोज' नका म्हणू, जमेल तेवढंच म्हणा. तेव्हा याने विचार करून सांगितलं की ऊसतोड चालू असताना जमणार नाही, एसटीने जावं लागेल, बाकी दिवस सोडीन. ते तिला पटलं म्हणे. माझ्या काळी असं बोलणं कुणी केलं असतं तर स्थळ मोडलंच असतं.

खाली आल्यावर ती दादाला म्हणाली, "माझं मी आईला सांगेन. पण डेअरीचं मी नाही सांगणार, काका. ते तुम्ही सांगा."

दादाने नुसतं "बरं," म्हटलं.

ज्वारीच्या वावरात

गाडी डोंगर उतरून रस्त्याच्या कडेला लावली आणि बांधावरून आम्ही आत गेलो. रोहिणी पुढे, तिच्यामागे प्रशांत, मग आम्ही. चालताना मी मनात एकच म्हणत होते, देवा, आता या माणसाच्या तोंडून नीट शब्द येऊ दे. त्या मुलीने आम्हाला निमूट जाऊ दिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. तिने हाक मारली, याचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण पगारदार जावयाची अट तिची नव्हती, आईची होती, आणि आई अजून डेअरीवरच बसलेली होती.

ज्वारीच्या कडेला गोवऱ्यांची आगटी पेटवून एक बाई कणसं भाजत होती. हीच रोहिणीची आई. सुरकुतलेला चेहरा, काटक अंग. आम्हाला पाहून उठायला लागली, तिला गुडघ्याने साथ दिली नाही. वहिनी पटकन तिच्याजवळ खाली बसली. नमस्कार झाले. गाव, पाहुणे, ओळखीपाळखी झाल्या. बाई बोलता बोलता गरम कणीस तळव्यांवर चोळत होती, फुंकर मारून कोंडा उडवत होती. कोवळ्या ज्वारीचा तो गोड, धुरकट वास. असा हुरडा आमच्याकडे आता पैसे देऊन, पार्टी करून खातात.

"डेअरीत कंचं काम बघत्यात मग?" तिने सहज विचारलं.

रोहिणी दूर उभी होती, ती जवळ आली नाही. प्रशांत जमिनीकडे पाहत होता. दादा उभाच होता. त्याने टोपी काढली, हातात घेतली.

"डेअरीत न्हाई वो बाई," तो म्हणाला. "त्यो शेती करतो. तुमाला खोटं सांगितलं. मध्यस्थानं सांगितलं आन मी गप ऱ्हायलो, म्हंजे मीच सांगितलं. पोरगं नकोच म्हनत हुतं. त्याचा काई दोष न्हाई."

बाईच्या हातातलं कणीस थांबलं. तिने लेकीकडे पाहिलं, मग प्रशांतकडे. वाऱ्याने धूर आमच्याकडे वळला तरी कुणी हललं नाही.

"मला पगारदारच पायजे हुता," ती म्हणाली. "ह्या मातीत काय असतं ते मला ठाव हाय. पाऊस न्हाई आला की हंडा घिऊन मैलभर. पोरीला त्यातनं काढायचं म्हनून तिच्या बापानं आन मी नगर गाठलं." मग तिने विचारलं, "पानी हाय का तुमच्याकडं?"

"पाटाचं हाय," दादा म्हणाला.

"उन्हाळ्यात पाटाचं पाणी लांबलं तर ओढ बसती," प्रशांत मध्येच म्हणाला. "मग बोअरवर भागवतो. पण प्यायला बारमाही हाय. दारात नळ हाय."

"ठाव हाय मला तुमचा पाट." बाईने कणीस खाली ठेवलं. "तुमी खरं बोल्लात, मंग मीबी बोलते. माझं म्हायेर बागायतदार म्हनून सांगितलं असंल तुमाला. बागायत कुठली? ही येवढी कोरडवाहू ज्वारी, तीबी भावाची. ल्हान असताना मी आई-बापासंगं तुमच्याच भागात ऊस तोडायला येत हुते. पाटाच्या कडंला आमची पाचटाची झोपडी असायची, कोपी. ते पानी वाहताना बघून मला वाटायचं, हितल्या बायांना हंडा डोक्यावर घ्याचा असतो हे ठावच नसंल." ती दादाकडे सरळ पाहून म्हणाली, "तोडकऱ्याची नात चालंल का तुमाला?"

आमच्याकडच्या माणसांना मी ओळखते. दादालाही ओळखते. गावात, भावकीत कोण काय म्हणेल, हे त्याच्या मनात येऊन गेलं असणार, आणि ते तोंडावर दिसू नये म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले. वहिनीने त्या बाईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दादा कडक इस्त्रीच्या पायजम्यासकट तिथेच ढेकळांत बसला. त्याने दोन्ही हात पुढे केले. बाईने चोळलेला हुरडा त्याच्या ओंजळीत ओतला.

"पोरीचं मन असंल तर माझी ना न्हाई," ती म्हणाली.

रोहिणीने दुरूनच होकाराची मान हलवली. दादाने तोंडात घास टाकला, चावला, आणि पुन्हा मघासारखेच बाहीने डोळे पुसले.

"आता आमच्याकडं याल तवा कोपीत न्हाई," तो म्हणाला. "आमच्या वसरीवर बसायचं, विहीनबाई."